चूक जगदाळेकाकूंचीच

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत मराठी माणसं किती, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं: गणपतीच्या आरतीला दीडशे आणि आरतीनंतर सतरंज्या उचलायला सहा. त्या सहांत जगदाळेकाकू दर वर्षी ठरलेल्या. ठेंगण्या, गोल बांध्याच्या, नाकात चमकी, डाव्या गुडघ्याला पट्टा. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी बोलल्या तरी त्याला मान वर करावी लागत नाही. नाव मंदाकिनी, पण त्या नावाशी संबंध ठेवणारं जयपुरात एकच माणूस, ते म्हणजे त्यांचे यजमान सर्जेराव. तेही 'मंदा'वर भागवतात.

सर्जेराव फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, शेवटची बदली जयपूरची, मुलगा इथेच नोकरीला लागला, म्हणून इथेच राहिले. काकूंनी लग्नाआधी साताऱ्याला नर्सबाईचा कोर्स केला होता. सरकारी नोकरी मात्र कधी धरता आली नाही. दर तीन वर्षांनी ट्रंका भरायच्या म्हटल्यावर नोकरी कुठली धरता? मग ज्या छावणीत जातील तिथल्या दवाखान्यात जाऊन बसायच्या. जवानांच्या बायकांची पोटं तपासली, पोरांना लसी टोचल्या, पंजाबपासून आसामपर्यंतच्या बाळंतिणींना डिंकाचे लाडू खायला घातले. पद कुणी दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. फौजेनंतर धरलेली दुसरी नोकरीही संपवून सर्जेराव घरी बसले तेव्हा काकू पंचावन्नच्या होत्या. नवऱ्याने आरामखुर्ची आणली आणि बायकोने काम शोधलं.

काम होतं फिरत्या दवाखान्याचं. शहरातल्या सी-स्कीम भागात ऑफिस असलेल्या एका ट्रस्टची पांढरी गाडी, आत तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट, एक डॉक्टर, एक ड्रायव्हर आणि काकू. फागी गावाच्या पुढे जिथे डांबर संपतं आणि मोबाइलमधला नकाशा गप्प होतो, तिथल्या ढाण्यांवर ही गाडी जायची. ढाणी म्हणजे आपल्याकडची वस्ती. रानात दहा-पंधरा घरं, एक टाकं, चार खेजडीची झाडं, आणि सगळ्यांत जवळचा दवाखाना चौदा किलोमीटरवर. प्रत्येक ढाणीच्या वाट्याला महिन्यातून एक दिवस. बाकीच्या दिवशी दुखण्याने येऊ नये अशी आपली अपेक्षा, पण दुखण्याला तेवढी अक्कल कुठली.

दर बुधवारी सकाळी सर्जेराव बायकोचा डबा भरायचे, पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालायचे आणि फाटकापर्यंत सोडायला जायचे.

"रिटायर मी झालो आन् ड्यूटीवर तू," असं ते दर वेळी म्हणायचे. "गुडघं बघ की स्वतःचं."

"ते बघायला डॉक्टर आहेत की गाडीत," असं म्हणून काकू चढून बसायच्या.

डॉक्टर म्हणजे अभिनव, वय एकोणतीस, हुशार, लाजरा. त्याच्याशी बायका बोलत नसत. एक तर पुरुष, त्यात तरुण. ड्रायव्हर रामकरण शेजारच्या गावचा, आणि गावच्या नात्याने तो निम्म्या बायकांचा जेठ, म्हणजे थोरला दीर लागायचा. त्याच्यापुढे घुंगट खाली ओढलाच पाहिजे. त्यामुळे गाडी थांबली की समोर रांग लागायची ती नुसत्या ओढण्यांची. लाल, पिवळी, हिरवी, हनुवटीपर्यंत ओढलेली. तोंड एकही नाही.

आता दुसरी एखादी नर्स काय करेल? 'तोंड उघड' म्हणून ओरडेल. काकू कधी ओरडल्या नाहीत. त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका छावणीत एका नर्सने सगळ्या वॉर्डासमोर एका पोरीच्या तोंडावरचा पदर ओढून काढला होता. ती पोर त्या दिवशी उठून गेली ती पुन्हा दवाखान्यात आली नाही, आणि पुढे तिचं काय झालं हे काकूंना कळलं होतं. तेव्हापासून त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं की आपण कुणाला पदर वर करायला सांगायचा नाही. दंडाला पट्टा बांधायला दंड पुरतो, पोट तपासायला ओढणीखालून हात घालता येतो. बायकांना हे फार आवडायचं. 'मराठी बहनजी मान राखतात,' असं ढाण्यांवर बोललं जायचं, आणि काकूंनाही त्याचा अभिमान होता. का नसावा? माणसाला कशाचा तरी असतोच.

त्यांचा दुसरा कायदा गोळ्यांचा. सुरुवातीला नवरे यायचे, 'बायकोच्या गोळ्या द्या' म्हणायचे आणि घेऊन जायचे. एकदा लोहाच्या लाल गोळ्यांची अख्खी पुडी काकूंना शेळ्यांच्या चाऱ्यात सापडली. शेळ्या तुकतुकीत, बायका पांढऱ्याफटक. त्या दिवशी काकूंनी जाहीर केलं, जी स्वतः येईल, तपासून घेईल, तिच्याच हातात गोळ्या. सगळ्यांना पटलं. डॉक्टरने तर ऑफिसच्या अहवालातही लिहिलं.

दोन्ही कायदे चांगले होते. गोष्ट घडली ती दोन्ही एकत्र आल्यामुळे.

त्या बुधवारी गाडी खेजडावाली ढाणीवर थांबली. ऊन चढत होतं. पेमारामच्या घरच्या दोघी सुना गरोदर होत्या, थोरली मैना आणि धाकटी सुगना. दोघींत जेमतेम महिन्याचा फरक. त्यांच्याबरोबर नेहमीप्रमाणे सासू भूरी दादी आली होती, कमरेत वाकलेली, घोगऱ्या आवाजाची. तीही घुंगटात, पण सुनांच्या वतीने बोलायची तीच. सुना बोलत नसत.

आधी सुगना आली. पिवळी ओढणी. काकूंनी दाब बघितला, वजन केलं, ओढणीखालून पोटावर हात ठेवला. बाळाचं डोकं वर होतं, उजव्या बरगडीखाली. बेंबीच्या डाव्या अंगाला हाताला एक खरखरीत वळ लागला, लहानपणी दिलेल्या डामाचा. तापाला, पोटदुखीला पोरांना तापलेल्या सळीने डागायचं, हे इकडे पूर्वी घरोघर. काकूंनी सांगितलं, "बाळ अजून फिरायचंय हं, पुढच्या महिन्यात बघू." गोळ्या दिल्या. मध्ये दोन म्हाताऱ्या झाल्या, एक खोकला झाला. मग लाल ओढणीत मैना आली. काकू डॉक्टरशी रामकरणच्या मिशांबद्दल काहीतरी थट्टा करत होत्या, तशीच करत त्यांनी पोटावर हात ठेवला.

आणि बोलता बोलता थांबल्या.

डोकं वर, उजव्या बरगडीखाली. बेंबीच्या डाव्या अंगाला खरखरीत वळ. बाळाने लाथ मारली तीही तिथेच, करंगळीजवळ, दहा मिनिटांपूर्वी मारली होती तिथेच.

काकूंनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने वही ओढली. मैना, मागच्या महिन्याचं वजन बावन्न. सुगना, बावन्न. त्याच्या मागचा महिना, दोघींचं साडेपन्नास. त्याच्याही मागचा महिना, दोघींचं एकोणपन्नास. दाब दोघींचा तिन्ही वेळा जवळजवळ एकच. सगळं त्यांच्याच अक्षरात, एकाखाली एक, स्वच्छ. तीन महिने आकडे ओरडत होते आणि काकू त्यांच्यावर तारीख घालत होत्या.

"रामकरणजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा टाक्याकडे जाऊन या. डॉक्टरसाहेब, तुम्हीही."

दोघे गेल्यावर काकूंनी गाडीचं दार ओढून घेतलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा एका बाईला म्हणाल्या, "बाळ, ओढणी वर कर."

आत सुगनाच होती. वीस वर्षांची, रडून नाक लाल झालेली. तिला काही विचारावं लागलं नाही. भडाभडा बोलायला लागली. जेठानीला, म्हणजे थोरल्या जावेला, चालवत नाही. पाय इतके सुजलेत की चप्पल चढत नाही. घर शेतात, इथून दीड किलोमीटर. बहनजी तर आल्याशिवाय गोळ्या देत नाहीत. जेठानीच्या गोळ्या बुडू नयेत म्हणून सासूबाईंनीच सांगितलं, तूच दोनदा जा, ओढणी बदलून जा, त्या काही तोंड बघत नाहीत.

"आणि आता कशी आहे ती?" काकूंनी विचारलं.

"डोकं फार दुखतं म्हणते. कालपासून डोळ्यांपुढे वीज चमकते म्हणते."

काकूंना एवढं ऐकणं पुरलं. आठव्या महिन्यात सूज, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे चमक, याचा अर्थ शिकाऊ नर्सलाही कळतो. दाब चढलेला असणार, आणि कुठल्याही घटकेला आकडी येणार. आकडी आली तर आई आणि बाळ दोन्ही जाऊ शकतात. त्यांनी डॉक्टरला हाक मारली, दाबाचं यंत्र पिशवीत टाकलं आणि गुडघ्याचा पट्टा घट्ट केला. सासू-सुनेला बरोबर घेऊन गाडी वाळूत जेवढी जाईल तेवढी रामकरणने नेली. पुढचा अर्धा किलोमीटर काकू चालल्या. चालल्या म्हणजे काय, डॉक्टर मागे राहिला.

मैना ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुजून डोळे बारीक झालेले. काकूंनी पट्टा बांधला. एकशे शहात्तरवर एकशे बारा. काकूंना रडू आलं. ते त्यांनी गिळलं, कारण रडायला वेळ नव्हता.

"हिला आत्ता जयपूरला न्यायचं," डॉक्टर म्हणाला.

तेवढ्यात पेमाराम आले. भूरी दादीचे जेठ आणि घराचे कर्ते. त्यांच्याशिवाय घरातून कुणी हलत नसे. त्यांना पाहिल्याबरोबर दादीने घुंगट आणखी खाली ओढला आणि खांबाआड जाऊन उभी राहिली. पेमारामनी सगळं शांतपणे ऐकलं, आत गेले आणि दादीने परत आणून ठेवलेलं मैनाचं कार्ड घेऊन आले.

"मला वाचता येतं," ते म्हणाले. "ही बघा नोंद. तीनही महिने सगळं ठीक. खाली तुमची सही आहे, बहनजी. मागच्या महिन्यात ठीक, आणि आज लगेच जयपूर? आमच्या भावकीतली एक सून अशीच शहरात नेली, ती खाटेवर मढं होऊन परत आली. बाईमाणसाच्या पायाला सूज येतेच. आता हिच्या नवऱ्याला फोन करतो, तो दोन दिवसांत येईल, मग ठरवू."

दोन दिवस. काकूंनी खांबाकडे बघितलं. त्याच्या आडून दादीच्या घुंगटाचं टोक तेवढं दिसत होतं. एक शब्द बोलला की झालं, 'तुमच्या घरच्या बाईनेच आम्हाला फसवलं.' खरंच होतं ते. पण त्या शब्दानंतर या ओसरीत काय होईल हे काकूंना दिसत होतं. भाऊ भावावर ओरडेल, दीर-जेठांसमोर दादीची अब्रू जाईल, सुगना मार खाईल, आणि या सगळ्या गोंधळात मैना तिथेच भिंतीला टेकून मरेल. शिवाय काकूंना मनातून आणखी एक गोष्ट कळत होती. फसवणारीला फसवायची वाट त्यांनीच आखून दिली होती.

"ती नोंद चुकीची आहे," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या बाईचे आकडे मी हिच्या कार्डावर लिहिले. तीन महिने लिहिले. चूक माझी आहे."

पेमारामचा आवाज चढला. "तीन महिने? लिहिता-वाचता येतं ना तुम्हाला? अख्खी ढाणी तुमच्या भरवशावर पोरीबाळी पाठवते. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

पंचवीस वर्षं ज्या हातांचं कौतुक ऐकलं त्यांच्याबद्दल हे ऐकून घ्यायचं सोपं नव्हतं. पण त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या, आणि ज्यांनी त्यांना भाजीवाल्याशी भांडताना पाहिलंय त्यांना हे खरं वाटणार नाही.

"माझ्यावर नका ठेवू," त्या म्हणाल्या. "यंत्रावर ठेवा. हात पुढे करा."

त्यांनी पेमारामच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे चौतीस. डॉक्टरच्या दंडाला बांधला. एकशे अठरा. मग सगळ्यांसमोर पुन्हा मैनाच्या. एकशे अठ्ठ्याहत्तर. आकडे काचेवर मोठे उठले होते, पेमारामनी ते वाकून वाचले. मग काकूंनी कार्ड घेतलं, तीनही ओळींवर आडवी रेघ मारली, खाली आजचा आकडा लिहिला आणि त्यापुढे हिंदीत लिहिलं, 'आधीच्या नोंदी चुकीच्या. जबाबदारी माझी.' सही केली.

पेमारामनी ती ओळ सहीपर्यंत वाचली. "खाट आणा," मग ते म्हणाले.

डॉक्टरने तिथेच आकडी थांबवणारी दोन इंजेक्शनं दिली. घरच्या चौघांनी खाट उचलली. गाडीत मैनाचं डोकं काकूंच्या मांडीवर, पायाशी भूरी दादी, आणि रामकरण खड्डे चुकवतोय. काकूंनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, सरकारी जनाना दवाखान्यात जा. नोंदणीची पर्ची काढून स्ट्रेचर दारात उभं करा. आम्ही सव्वा तासात येतो. पेशंटचं नाव मैना."

"आपली कोण?" सर्जेरावांनी विचारलं.

"आपलीच," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शहरात शिरताना दुर्गापुऱ्याजवळ गाड्यांच्या गर्दीत दहा मिनिटं गेली. ती काकूंनी मैनाच्या मनगटावर बोट ठेवून काढली. डॉक्टर हळूच म्हणाला, "काकू, ते कार्ड ऑफिसात गेलं तर तुम्हाला काढतील. चूक तुमची नव्हती, सुगना काय बोलली ते तुम्हीच सांगितलंत मला." पाच वर्षांत तो त्यांच्याकडून 'काकू' म्हणायला शिकला होता. काकू म्हणाल्या, "काढू देत. तोंड न बघता कार्ड भरणारीला काढायलाच पाहिजे." आणि मग एकदम त्याच्यावर डाफरल्या, "सलाईन बघा तुम्ही, माझ्याकडे काय बघताय."

दवाखान्याच्या दारात नायब सुभेदार जगदाळे स्ट्रेचर धरून ताठ उभे होते. पर्ची खिशात, दोन वॉर्डबॉय शेजारी. ते त्यांनी कुठून आणि कसे आणले हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मैनाला सरळ आत नेलं. दार बंद झालं.

मग वाट बघणं. व्हरांड्यात गर्दी, पंख्याला वारा नाही. सर्जेरावांनी चहा आणला, तो कुणी प्यायला नाही. काकू बाकाच्या एका टोकाला, भूरी दादी दुसऱ्या टोकाला, गुडघ्यापर्यंत घुंगट. दोन तास तसेच गेले. काकूंचा राग गेला नव्हता. दादीवरचा नव्हे, स्वतःवरचा. मान राखला, मान राखला, म्हणून तीन महिने मिरवलं, आणि त्या मानाखाली एक पोर सुजत होती.

चार वाजायच्या सुमाराला नर्स बाहेर आली. मैनाचे नातेवाईक कोण, विचारलं. दोन्ही टोकांवरच्या दोघी उभ्या राहिल्या. मुलगी झाली होती, एक किलो आठशे, काचेच्या पेटीत ठेवलीय, रडते चांगली. आईचा दाब उतरतोय. अजून दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल, पण उशीर झाला नाही.

सर्जेराव भिंतीकडे तोंड करून उगाच चष्मा पुसू लागले. काकू मटकन बाकावर बसल्या. त्यांचा गुडघा आता दुखायला लागला होता.

भूरी दादी त्यांच्यापाशी आली. "बहनजी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझं पाप तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेतलं. जेठजींसमोर. का घेतलं?"

"पाप कसलं? तू तिच्या गोळ्यांसाठी केलंस," काकू म्हणाल्या. "आणि मी बघितलं असतं तर तुला करताच आलं नसतं. तीन वर्षं मी तुझ्याशी बोलते, पण तू रस्त्यात भेटलीस तर मी तुला ओळखणार नाही. ही माझी चूक नाही तर कुणाची?"

व्हरांड्यात माणसं होती, अनोळखी पुरुष होते, सर्जेराव होते. दादीने दोन्ही हातांनी घुंगट धरला आणि मागे टाकला.

काकू बघत राहिल्या. काळेभोर केस. एकही सुरकुती नसलेलं कपाळ. रापलेला, थकलेला, पण ताजा चेहरा, आणि काकूंना न्याहाळणारे मोठे डोळे. कंबर पाण्याच्या घागरींनी वाकवली होती आणि आवाज चुलीच्या धुराने बसवला होता. तिचंही कार्ड काकूंनीच भरलं होतं. वयाच्या रकान्यात अंदाजाने सत्तर लिहिलं होतं, आणि त्या सत्तरला साजेशी संधिवाताची गोळी देऊन दर महिन्याला परत पाठवलं होतं.

काकूंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"भूरी," त्या म्हणाल्या, "तुझं वय किती गं?"

"सत्तेचाळीस."

काकू स्वतः साठीच्या होत्या. त्यांनी पिशवीतून वही काढली, पेन काढलं, आणि मग ते तसंच धरून रडायला लागल्या. इतका वेळ थोपवलेलं सगळं रडल्या, आणि सत्तेचाळीस वर्षांची भूरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.